परतीचं पाणी

१

सकाळचा चहा झाला की मी बॉयलरच्या शेडमध्ये जाऊन दोन पाइपांना हात लावायचो. डावा हात जाणाऱ्या पाइपाला, उजवा परतीच्या. बोईसरच्या त्या कंपनी कॉलनीत आमच्या इमारतीला गरम पाणी कसं मिळतंय, ते या दोन पाइपांवरून कळायचं. शेडमधल्या भट्टीवर पाणी तापे, उभ्या पाइपाने गच्चीवरच्या टाकीत चढे, टाकीतून एकेका बाथरूमच्या भिंतीमागून खाली उतरे आणि जे कुणी वापरलं नाही ते परतीच्या पाइपाने पुन्हा भट्टीपाशी येई. एक लहानसा पंप हे चक्र चालू ठेवायचा. माझी खोली तळमजल्यावर, शेडला लागून. म्हणजे फेरीतलं शेवटचं घर माझंच.

जाणारा पाइप चटका देणारा आणि परतीचा कोमट असला की मी निर्धास्त. परतीचा गार लागला तर कुठेतरी हवा अडकलेली असायची, नाहीतर क्षार साचलेले. दोन्ही सारखेच तापलेले असले तर पाणी वर न जाता मधल्यामध्येच फिरतंय. एवढ्या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुरे, बाकी सगळी पान्याची आणि सुतळीची कामं.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीतल्या त्या सकाळी परतीचा पाइप जास्त गरम होता.

मी हात बदलून पाहिले. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. तेच.

भट्टीवर जिवल्या होता. पाड्यावरचा माणूस, भातकापणी उरकली की कॉलनीत यायचा आणि पावसाच्या आधी परत जायचा. लाकडं सारता सारता त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काय झाला, दादा?"

"इथे हात लाव."

त्याने राख पुसून हात लावला, लगेच काढला आणि पंच्याला पुसला. पाइप ओला नव्हता.

"उलटा हाय," तो म्हणाला.

२

पाणी जाताना जेवढं गरम असतं त्याहून गरम होऊन परत येऊ शकत नाही. वाटेत कुठे चूल पेटवलेली नसते. मला हे कळत होतं, म्हणून मी आधी स्वतःवरच संशय घेतला. रंगाऱ्याने पाइपांवरचे लाल-निळे पट्टे चुकून उलटे मारले असतील म्हणून दोन्ही पाइप भिंतीपर्यंत माग काढत पाहिले. पट्टे बरोबर होते. पंप उलटा फिरतोय का पाहिलं. बरोबर फिरत होता. पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व उघडला, आतली झडप साफ होती. स्टोअरमधून थर्मामीटर आणून पाइपाला बांधला. त्यानेही माझ्या हातांचीच बाजू घेतली.

त्याच आठवड्यात भट्टीची लोखंडी जाळी झिजून तुटली. नवी जाळी पालघरहून यायची होती. तोवर भट्टी बंद. मी घरोघर सांगून आलो की दोन-चार दिवस गरम पाणी येणार नाही. पंप मात्र चालू ठेवला, क्षार बसू नयेत म्हणून.

शेडमध्ये राख गार पडली. जाणारा पाइप गार पडला. परतीचा गरम राहिला. चटका बसावा असा नाही. माणसाच्या पोटाला हात लावावा तसा.

मला त्याहून वेगळीच गोष्ट खटकली. एरवी पाणी जरा कोमट आलं तरी वरच्या मजल्यावरून बायका खिडकीतून हाका मारायच्या, "रामनाथ, आज काय झोपला का तुजा जिवल्या?" पहिल्या चार दिवसांत कुणी एकही हाक मारली नाही. मीच इंदुबाईंना जिन्यात विचारलं, "पाण्याचे हाल झाले ना?"

"कसले हाल?" त्या म्हणाल्या. "पानी तर येतंय ना चांगला."

३

इंदुबाई पहिल्या मजल्यावर मुलाकडे राहायच्या. मुलगा कंपनीत केमिस्ट. त्या मूळच्या तारापूरच्या, खाडीकाठच्या. सगळा जन्म वाळूवर बोंबील सुकवण्यात गेला, त्यामुळे कातडी उन्हाने काळवंडून चिवट झालेली. तीच बाई भर दुपारी अंगणात खुर्ची टाकून, शालीवर शाल घेऊन बसलेली मला दिसली.

"यंदा थंडी लय हाय रे," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे थंडी ती किती? पहाटे चादर लागते, नऊ वाजता ती नकोशी होते. "उन्हात बसलाय की," मी म्हणालो.

"बसली ना. ऊन लागतंय. पण आत जात नाय."

त्यांनी सहज माझं मनगट धरलं. त्यांची बोटं माठाच्या बुडासारखी होती.

त्यानंतर माझं लक्ष जायला लागलं. दुसऱ्या मजल्यावरचा हिशेबनीस स्वेटर घालून कामाला जायचा. त्याची मुलं खेळायची थांबली होती, जिन्यात एकमेकांना चिकटून बसायची. इमारतीच्या खिडक्या दिवसासुद्धा लावलेल्या असायच्या. शेजारच्या इमारतीत, जिथे आमची लाइन जात नव्हती, बायका दारात बसून भाजी निवडत होत्या आणि पदराने वारा घेत होत्या.

आणि माझी बायको, पुष्पलता. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, तेव्हा घरात एकमेकांशिवाय कुणाकडे बघायला नव्हतं. तरी मला उशिरा कळलं; मी स्वतः शेडमागच्या गार नळावर आंघोळ करायचो, मला काही झालं नव्हतं. भाकरी वाढताना तिचा हात माझ्या हाताला लागला आणि मी दचकून हात मागे घेतला.

कंपनीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला, पाहिला, झटकला आणि परत ठेवला. मग दुसरा मागवला.

"अशक्तपणा आहे," ते म्हणाले. पण तिला बाहेर बसवून मला हळूच म्हणाले, "अजून खाली गेलं तर पालघरला ॲडमिट करावं लागेल. असं टेंपरेचर मी जिवंत माणसाचं पाहिलेलं नाही."

४

जाळी अजून आली नव्हती, भट्टी बंदच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिशवीत पाना, चाकू आणि पाइपाची ऊब राखणाऱ्या काचेच्या कापसाचा तुकडा घेऊन वरून खाली निघालो. प्रत्येक बाथरूममध्ये पाइपावरचं गुंडाळण थोडं कापायचं, पाइप घरात शिरतो तिथे हात लावायचा, घरातून बाहेर पडतो तिथे हात लावायचा. कुठेतरी काहीतरी सापडेल अशी माझी खात्री होती. एखाद्याने गुपचूप विजेचा रॉड जोडला असेल. भिंतीत विजेची तार पाइपाला चिकटली असेल. फिटर माणूस असंच शोधतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या पहिल्या घरात पाइप गारच शिरत होता. बाहेर पडताना किंचित कमी गार. पुढच्या घरात आणखी किंचित. काही एका जागी नव्हतं. प्रत्येक घरातून थोडी थोडी ऊब घेत पाणी खाली उतरत होतं, दारोदार जोगवा मागत गेल्यासारखं.

दुसऱ्या मजल्यावर एक घर बंद होतं. घरची मंडळी महिन्याभरासाठी गावाला गेलेली, किल्ली माझ्याकडे. त्या घरात पाइप जसा शिरला तसाच बाहेर पडला. काही फरक नाही.

मी त्या बंद घराच्या मोरीत बराच वेळ उकिडवा बसून राहिलो. एवढीच एक मोरी कोरडी होती. बाकी प्रत्येक घरात, भर दुपारी, फरशी ओली होती, बादली भरलेली होती आणि नळ बारीक चालू होता.

५

घरी आलो तर दार आतून नुसतं लोटलेलं. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता.

पुष्पलता पाटावर बसली होती. नळ वाहत होता, ती तांब्या भरून अंगावर घेत होती. घाई नाही, थांबणंही नाही. ओठ जांभळे पडलेले.

"आलात? दार लावा, वारा येतोय," ती म्हणाली.

मी नळ बंद केला. पाणी कोमट होतं. तिच्या खांद्याला हात लावला तर ओल्या भिंतीला लावल्यासारखा वाटला.

"सकाळी आंघोळ केली होतीस ना?"

"केली."

"मग?"

तिने तांब्या पाटाशी ठेवला. मग लाज वाटल्यासारखी बोलली, "पानी अंगावर घेतला की कुणी जवळ घेतल्यासारखा वाटतं."

"आणि थांबलीस की?"

"थांबली की कळतं, आपण किती गार झालोय ते. म्हणून परत घेते."

मी तिला पुसलं, अंथरुणात गुंडाळलं, स्टोव्ह पेटवून पातेलंभर पाणी कढत केलं. तिने त्यात हात बुडवला आणि काढून घेतला. "ह्ये नुसता गरम हाय," ती म्हणाली.

उमरोळीला, माझ्या गावच्या घरी जाऊ म्हटलं तर ती रडायला लागली. लहान मूल रडतं तशी, हुंदके देऊन. तिने माझ्यापुढे कधी असा हट्ट केला नव्हता. ती निजली असं वाटल्यावर मी चूळ भरायला म्हणून बाहेर गेलो आणि परत आलो, तेवढ्यात ती उठून बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून बसली होती. त्या भिंतीमागूनच परतीचा पाइप जात होता.

६

जिवल्याला घेऊन मी गच्चीवर गेलो. ऊन रणरणत होतं, पश्चिमेकडून खारा वारा येत होता. टाकी पत्र्याची, वर काचेचा कापूस आणि त्यावर आणखी पत्रा. पंप मी बंद करून आलो होतो. वरचे दोन्ही व्हॉल्व घट्ट केले. टाकीत आता काही येत नव्हतं, काही जात नव्हतं.

झाकण उचललं. वाफ आली नाही, वास आला नाही. पाणी इतकं स्वच्छ की तळाचा सांधा दिसत होता. काही नव्हतं. मला आधी हसू आलं. काय असेल असं मी धरून चाललो होतो?

मग जिवल्याने माझ्या दंडाला हात लावला आणि टाकीच्या कडेकडे बोट दाखवलं.

पाणी चढत होतं. पत्र्यावरच्या गंजाच्या रेषेला शिवून, नखभर वर गेलं. तिथे जरा थांबलं. मग तितकंच खाली आलं. पुन्हा वर. लाट नव्हती, तरंग नव्हता. सगळं पाणी एकसंध, सावकाश, वर आणि खाली.

मी कारणं शोधली. पंप बंद होता. व्हॉल्व बंद होते. रस्त्यावर ट्रक नव्हता. वाऱ्याने म्हणावं तर पाण्यावर सुरकुती नव्हती. पत्रा उन्हाने फुगत असेल, तर तो असा मोजून फुगेल आणि मोजून बसेल?

"निजलाय," जिवल्या पुटपुटला.

"कोण?"

"मला काय ठाव? झाकण लाव, दादा. हळू लाव."

मी झाकण उचलायला वाकलो. माझ्या पान्याचं टोक पत्र्याला लागलं आणि टणकन आवाज झाला.

पाणी थांबलं. वर जाता जाता, मध्येच. आम्ही दोघेही हललो नाही. ते तसंच राहिलं, अर्ध्यावर. कुणीतरी जागं होऊन, श्वास रोखून, कोण आहे याचा कानोसा घ्यावा तसं.

७

टाकीच्या बुडाशी एक व्हॉल्व असतो, टाकी रिकामी करायचा. मी त्याला पाना लावला होता. एक झटका दिला असता तर सगळं पाणी गच्चीच्या पन्हाळीतून गटारात आणि गटारातून खाडीत गेलं असतं. पण हात पुढे जाईना. पाणी ज्या घरांतून ऊब घेत होतं त्यांत शेवटचं घर माझं होतं. टाकीत जे होतं त्यात पुष्पलतेचंही होतं. ते गटारात सोडलं आणि मग ती पालघरच्या हॉस्पिटलात गारच राहिली तर?

मी चुरी साहेबांकडे गेलो. कॉलनीची देखभाल त्यांच्याकडे होती. माणूस चांगला, ऐकून घेणारा. मी त्यांना सांगता येईल तेवढंच सांगितलं: परतीचा पाइप जास्त गरम, पाण्यात काहीतरी दोष, लोक आजारी पडताहेत.

त्यांनी कागदावर लाइन काढली, पेन्सिलीने गिरवली. "क्षारांनी कुठेतरी वाट अडवली असेल," ते म्हणाले. "पंप फिरवून लाव. टाकीतलं पाणी उभ्या पाइपाने खाली ओढ आणि परतीच्या लाइनीतून वर ढकल. उलटं वाहिलं की घाण सुटते. संध्याकाळपर्यंत चालू ठेव, मग टाकी रिकामी कर. नाहीतरी कंपनी आता घरोघर गिझर देणार आहे."

उलटं. ज्या वाटेने नेलं त्याच वाटेने परत. मी टेबलावरचा तो कागद उचलून खिशात घातला.

गच्चीवरचे व्हॉल्व उघडले; पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व सोडवून फिरवून बसवायला तासभर लागला. मग मी प्रत्येक दारावर जाऊन सांगितलं, "नळ सोडून ठेवा. पाणी येईल ते अंगावर घ्या." कुणी का म्हणून विचारलं नाही. शेवटी घरी आलो, पुष्पलतेला उचलून पाटावर बसवलं, नळ सोडला आणि शेडमध्ये जाऊन पंपाचा खटका दाबला.

उलट्या फेरीत पहिलं घर माझंच होतं.

पाइप ठोकायला लागला. उलटं पाणी शिरलं की पाइप ठोकतात, त्यात नवल नाही. पण हे ठोके शेडपासून सुरू होऊन माझ्या भिंतीपर्यंत आले आणि तिथेच घुटमळले. एक, मग दुसरा, मग बराच वेळ काही नाही. आतून पुष्पलता ओरडली. मी धावत गेलो. कडीला हात घातला, तोच ती हसायला लागली.

ती बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल होते. तिने माझे दोन्ही हात धरले. गरम. अगदी पूर्वीसारखे, खरं तर पूर्वीपेक्षाही चांगले. मी तिला जवळ घेऊन रडलो.

मग ठोके पुन्हा सुरू झाले, भराभर वर चढत गेले, मजल्यामागून मजला. तिन्हीसांजेच्या आत खिडक्या उघडायला लागल्या. इंदुबाई जिन्यात शाल काढून घडी करत होत्या. "आता जरा माणसात आली मी," त्या म्हणाल्या.

जिवल्या गच्चीवरून खाली आला. "टाकीत आता काय नाय, दादा. पानी पण नुसता पानी हाय. हलत नाय."

"म्हणजे सगळं परत गेलं," मी म्हणालो.

"ज्याचा त्याचा गेला," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आन् जो निजला होता, तो कुठं गेला?"

मी पाना पिशवीत टाकला. त्याची नजर उभ्या पाइपावरून खाली उतरली, शेडच्या छपरावरून पुढे सरकली, आणि माझ्या खोलीच्या भिंतीपाशी येऊन थांबली. मग तो आपला पंचा-कोयता गोळा करायला गेला. त्या साली तो होळीच्याही आधी पाड्यावर परतला.

८

कंपनीने गिझर दिले. भट्टी मोडली, टाकी कापून भंगारात गेली. शिमग्याला आम्ही उमरोळीला गेलो. पुष्पलता इतकी चांगली कधीच दिसली नव्हती. घरात जो तो तिच्याजवळ येऊन बसायचा. माझी आई म्हणाली, "पोरीच्या अंगात काय ऊब हाय! शेकोटीपाशी बसल्यासारखा वाटतं."

मलाही तसंच वाटायचं. तिचा हात हातात घेतला की बरं वाटायचं, सोडवत नसे. सोडल्यावर मात्र माझी बोटं आखडलेली असायची. काही दिवसांनी मनगट. मग कोपरापर्यंत. मी त्याला वात म्हटलं, थकवा म्हटलं. फिटरच्या हातांना काय काय होतं.

माझा भाऊ दामू, त्याची बायको जमना. तिचं बाळ दोन महिन्यांचं. ओटीवर सगळे घामाने निथळत बसले होते. जमना बाळाला घेऊन आली.

"ताई, धरा ना याला. तुमच्या कुशीत लगेच निजतो. काल तर हलला पण नाय."

पुष्पलतेने हात पुढे केले. मी उठून मध्ये आलो आणि जमनाच्या हातातून बाळ घेतलं. दुपट्याखालून त्याचे पाय चाचपले. पावलं गार होती. पोट अजून गरम होतं.

"जमना, याला आत ने. तूच जवळ घे. आज दिवसभर खाली ठेवू नकोस."

"काय झाला, भावजी?"

"काही नाही. ने."

ती बावरून आत गेली, तिच्यामागून बाकीचेही उठले. ओटीवर आम्ही दोघंच उरलो. पुष्पलतेचे हात अजून तसेच पुढे होते. तिने ते हळूच मांडीवर ठेवले.

"मी मुद्दाम नाय करत," ती म्हणाली.

"मला माहीत हाय."

"मला कळत पण नाय कधी होतं ते. आतून कुणीतरी कूस बदलतं. मग लय थंडी वाजते." ती माझ्याकडे बघत नव्हती. "कुणीतरी जवळ हवा असतं तेव्हा."

आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, मग दूध पिण्याचा. मी दामूला हाक मारून घोंगडी आणायला सांगितली. त्याने माझ्याकडे, मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, आणि घोंगडी आणून दिली. मी ती पाठीवर घेतली, पुष्पलतेच्या शेजारी सरकून बसलो आणि माझे दोन्ही हात तिच्या हातांत दिले.